हा ग्लॉकस तो नव्हे: ग्रीक पुराणातल्या एकाच नावाच्या छोट्या पात्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झ्यूस, अथीना, हर्क्युलिस इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. गाडी अडते ती साईड कॅरेक्टर्सपाशी. मागच्या चॅप्टरमध्ये मेलेला माणूस पुढच्या चॅप्टरमध्ये रथ हाकताना दिसतो, एका कथेतला राजा दुसऱ्या कथेत चक्क नोकर निघतो, आणि नेटवर नाव टाकलं की भलीमोठी लिस्ट समोर येते. त्यावर जे प्रश्न हमखास विचारले जातात ते इथे एकत्र केलेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, काही प्रश्नांत दम आहे आणि काही एका ओळीत संपतात. नावं मराठीत रुळलेल्या वळणाने लिहिलीत, अस्सल ग्रीक उच्चाराचा हट्ट धरलेला नाही.

एवढी रिपीट नावं का? यांना नवीन नावं सुचत नव्हती का?

मुळात "यांना" म्हणजे कुणाला? ग्रीक पुराण एका माणसाने बसून लिहिलेलं नाही. थीब्जचे राजे वेगळे, आर्गोसचे वेगळे, कॉरिंथचे, क्रीटचे, अथेन्सचे वेगळे, प्रत्येक गावाचे आपले वीर आणि त्यांच्या आपापल्या समाध्या, आणि या कथा शेकडो वर्षं आपापल्या जागी सांगितल्या जात होत्या. नंतर कुणीतरी त्या एका पुस्तकात गोळा केल्या तेव्हा लक्षात आलं की अरे, दर दोन गावांमागे एक लायकस आहेच.

शिवाय ही खरीखुरी, माणसांची नावं होती. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने लिनिअर बी ही ग्रीकांची जुनी लिपी उलगडली आणि पायलॉस नि नॉसोसच्या मातीच्या पाट्या वाचता आल्या. त्या पाट्या म्हणजे निव्वळ हिशेब, जमीन किती, मेंढ्या किती, कोण कुठे कामाला. त्यात हेक्टर आणि अकिलीस ही ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं सापडतात, पण ती साध्या माणसांची, ट्रॉयचा काही संबंध नाही. म्हणजे अकिलीस हे नाव कुणासाठी राखून ठेवलेलं नव्हतं, त्या काळी गल्लीत हाक मारली तर कुणीतरी ओ दिली असती.

आणि तिसरं म्हणजे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत ग्रीकांतही होती, जशी आपल्याकडे बऱ्याच घरांत होती. त्यामुळे एकाच वंशावळीत तेच नाव दोनदा येणं यात नवल काहीच नाही.

मग ओळखायचं कसं कोण कोणता?

तीन प्रश्न विचारायचे. बाप कोण, गाव कुठलं, आणि कुणी मारला. नावाने काहीच कळत नाही, या तिन्हींनी कळतं. इलियड आणि ओडिसी या महाकाव्यांचा कवी होमर स्वतः हेच करतो, पेलियसचा मुलगा, ऍट्रियसचा मुलगा, टेलामॉनचा मुलगा असं सारखं चालू असतं आणि नवीन वाचणाऱ्याला ते पाल्हाळ वाटतं, पण ऐकणाऱ्यांसाठी तोच पत्ता होता.

उदाहरण घ्या डायोमिडीसचं. एक टायडियसचा मुलगा, आर्गोसचा, ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांकडून लढणारा, थेट अफ्रोडायटीला जखमी करणारा. दुसरा एरीझचा मुलगा, थ्रेसचा राजा, ज्याच्या घोड्या माणसं खायच्या, आणि त्याला हर्क्युलिसने संपवलं. बाप आणि गाव विचारलंत की दोन सेकंदात निकाल. क्विझमध्ये मात्र दोघांची सर्रास खिचडी होते.

दोन अजॅक्स कसे काय? भाऊ होते का?

भाऊ नाहीत. मोठा अजॅक्स सॅलमिसचा, टेलामॉनचा मुलगा, भिंतीएवढी ढाल घेऊन उभा राहणारा. धाकटा लोक्रिसचा, ऑइलियसचा मुलगा, अंगाने लहान, पायाने चपळ आणि स्वभावाने आगाऊ, ट्रॉय पडल्यावर कसांड्राला अथीनाच्या मूर्तीपासून ओढून नेणारा तो हाच.

हे छोटे पात्र नाहीत हे मान्य, पण यांच्यात एक गंमत दडलीय म्हणून घेतले. इलियडमध्ये बऱ्याच ठिकाणी "दोन्ही अजॅक्स" असं द्विवचन येतं. १९व्या शतकात याकोब वाकरनागेल नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने मांडलं की मुळात या द्विवचनाचा अर्थ दोन अजॅक्स असा नव्हताच, तो "अजॅक्स आणि त्याचा भाऊ ट्यूसर" असा होता. हे मराठी माणसाला पटकन कळेल, कारण कालिदासाच्या "जगतः पितरौ" मध्ये पितरौ म्हणजे दोन बाप नव्हेत, आईबाप. वाकरनागेल संस्कृतचाही मोठा अभ्यासक होता, त्याला ही जोडी दिसली ती काही उगाच नाही. ही जुनी पद्धत लोक विसरले, मग द्विवचनाला दुसरा अजॅक्स हवा म्हणून लोक्रिसचा बाजूला येऊन उभा राहिला, असा तो तर्क. सगळे मानतात असं नाही. मला पटतो.

होमर युद्धात एवढी नावं का घेतो? लगेच तर मरतात सगळे.

लगेच मरतात म्हणूनच! वीराचा पराक्रम दाखवायचा तर त्याने कुणाला तरी मारायला पाहिजे आणि ज्याला मारलं त्याला नाव पाहिजे, नाहीतर ती नुसती कत्तल होते. इलियडच्या १६व्या सर्गात अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस भरात येतो आणि होमर एका दमात नऊ नावं घेतो: अड्रास्टस, ऑटोनूस, एकेक्लस, पेरिमस, एपिस्टॉर, मेलानिपस, एलासस, मूलियस, पायलार्टीस. अवघ्या तीन ओळींत नऊ माणसं गेली, कुणाचं घरदार कळलं नाही, फक्त पेरिमसच्या वाट्याला बापाचं नाव आलं.

आता यातला मूलियस बघा. ११व्या सर्गात म्हातारा नेस्टर आपल्या तरुणपणच्या गोष्टी सांगतो (तो कायमच सांगत असतो), त्यात त्याने एका मूलियसला मारलेलं असतं. १६व्यात पॅट्रोक्लस एका मूलियसला मारतो. २०व्यात अकिलीस भाला घालतो तो आणखी एक मूलियस. आणि ओडिसीत मूलियस नावाचा एक सेवक पाहुण्यांना वाइन मिसळून देतो. एवढाच काय तो न मरणारा.

कारण सरळ आहे, हे काव्य तोंडी रचलं जायचं, ओळीला ठराविक वृत्त, आणि गाणाऱ्याच्या डोक्यात वृत्तात फिट बसणाऱ्या नावांचा साठा तयार असायचा, गरज पडली की त्यातलं एक काढायचं. नावं बनवता येत नव्हती असं अजिबात नाही. ओडिसीच्या ८व्या सर्गात फीएशियन लोकांचे खेळ आहेत, ती दर्यावर्दी जमात, आणि तिथल्या तरुणांची नावं जवळजवळ सगळी जहाज, वल्हं, नाळ, समुद्र यावरून पाडलेली आहेत. मूड असला की तो असलेही प्रकार करायचा.

इलियडमध्ये मेलेला माणूस परत येतो म्हणतात ते खरंय?

खरंय. पॅफ्लागोनियाचा राजा पिलाइमेनीस. ५व्या सर्गात ग्रीकांकडचा मेनेलेअस त्याला भाला मारून ठार करतो. १३व्या सर्गात त्याचा मुलगा हार्पेलियन मरतो आणि प्रेतामागून बाप रडत चाललाय असं वर्णन येतं, बाप म्हणजे तोच, पिलाइमेनीस.

जुन्या पंडितांनी यावर बराच खल केला आणि त्यातला एक तोडगा आपल्या विषयाचाच आहे, की हे दोन वेगळे पिलाइमेनीस समजा. म्हणजे लेखकाची चूक सापडली की एकाच नावाची दोन माणसं करून टाका. हा उपाय ग्रीक पुराणात वारंवार वापरलेला दिसेल. माझं विचाराल तर होमर विसरला, आणि एवढ्या मोठ्या काव्यात विसरला तर विसरला.

अड्रास्टस नक्की किती?

महत्त्वाचा एक, आर्गोसचा राजा, थीब्जवर चाल करून गेलेल्या सात जणांचा म्होरक्या, आणि सातातला जिवंत परतलेला एकटा. बाकीचे ट्रॉयच्या बाजूचे. एक पर्कोटीच्या मेरॉपचा मुलगा, बाप ज्योतिषी, युद्धाला जाऊ नका म्हणून सांगत होता, पोरांनी ऐकलं नाही आणि डायोमिडीसने दोघा भावांना मारलं. डायोमिडीसच्या आईचे वडील म्हणजे आर्गोसचा अड्रास्टस, तेव्हा आजोबा अड्रास्टस आणि मारला तोही अड्रास्टस.

एक वरच्या पॅट्रोक्लसच्या लिस्टीतला. आणि एक ६व्या सर्गातला, हा मात्र वाचाच. त्याचे घोडे झाडाच्या फांदीत अडकून उधळतात, रथाची दांडी मोडते, हा तोंडावर पडतो आणि मेनेलेअसचे गुडघे धरून गयावया करतो, माझा बाप श्रीमंत आहे, सोनं देईल, लोखंड देईल, जिवंत ठेवा. मेनेलेअस विरघळतो, त्याला जहाजांकडे पाठवणार एवढ्यात अगामेम्नॉन पळत येतो, भावाला झापतो, आणि स्वतः त्याच्या कुशीत भाला खुपसून, छातीवर पाय ठेवून तो उपसून काढतो. पंचवीसेक ओळींचं आयुष्य आहे या माणसाचं, पण पूर्ण आहे.

ओडिसीत पॉलिबस कोण आहे?

कुठला हवाय? चार आहेत, एकाच काव्यात. ओडिसियसची बायको पिनेलपी, तिच्या मागे लग्नासाठी लागलेल्या युरिमेकसचा बाप पॉलिबस. त्याच टोळक्यातला एक पॉलिबस, ज्याला शेवटी डुकरं राखणारा युमिअस मारतो. फीएशियन लोकांच्या गावात चेंडू बनवणारा कारागीर पॉलिबस. आणि इजिप्तमधल्या थीब्जचा पॉलिबस, ज्याने मेनेलेअसला चांदीची न्हाणीची भांडी दिली. यात इडिपसला वाढवणारा कॉरिंथचा राजा पॉलिबस धरलेलाच नाही, तो वेगळ्या कथेतला.

ग्लॉकस म्हटलं की तुम्ही एवढे खूश का होता?

कारण चारही ग्लॉकस एकापेक्षा एक आहेत.

पहिला अँथेडॉनचा कोळी. जाळ्यातले मासे त्याने गवतावर टाकले तर ते टणाटण उड्या मारत परत पाण्यात गेले, याने ते गवत चाखून पाहिलं आणि स्वतःच समुद्राचा देव झाला.

दुसरा क्रीटच्या मायनॉसचा लहान मुलगा. उंदरामागे धावताना मधाच्या रांजणात पडून मेला. मायनॉसने पॉलिइडस नावाच्या ज्योतिष्याला प्रेताबरोबर कोंडून घातलं, जिवंत कर नाहीतर बस इथेच. तिथे एक साप आला, पॉलिइडसने मारला, दुसरा साप एक वनस्पती घेऊन आला आणि पहिल्याला उठवलं, मग याने तीच मुलाला लावली. पुढे मायनॉसने जबरदस्ती केली की आता मुलाला ज्योतिषही शिकव. शिकवलं. निघताना पॉलिइडस म्हणाला, बाळा, माझ्या तोंडात थुंक, आणि पोरगं थुंकल्याबरोबर सगळी विद्या विसरलं. असा सूड मी दुसरीकडे वाचलेला नाही. दोन्ही ग्लॉकसच्या कथेत जादूची वनस्पती आहे हेही बघून ठेवा, नावासोबत कथेचा तुकडाही इकडून तिकडे जातो.

तिसरा सिसिफसचा मुलगा, रथांच्या शर्यतीत त्याच्याच घोड्यांनी त्याला खाल्लं. नंतर इस्थमियाच्या मैदानावर घोडे अचानक बिथरले की लोक म्हणायचे ग्लॉकसचं भूत आहे.

चौथा इलियडमधला, लिशियाचा सरदार, आणि हा तिसऱ्याचा पणतू. सिसिफस, त्याचा ग्लॉकस, त्याचा बेलेरोफॉन, त्याचा हिप्पोलोकस, त्याचा हा ग्लॉकस. रणांगणात डायोमिडीस विचारतो बाबा तू कोण, तर हा भर युद्धात उभा राहून ही सगळी वंशावळ सांगतो. डायोमिडीसला आठवतं की आपल्या आजोबांनी बेलेरोफॉनला वीस दिवस घरी ठेवून घेतलं होतं, म्हणजे आपण घरोब्याचे, लढायचं नाही. मग दोघे चिलखतं बदलतात. ग्लॉकसचं सोन्याचं, किंमत १०० बैल. डायोमिडीसचं ब्राँझचं, किंमत ९ बैल. होमर म्हणतो झ्यूसने ग्लॉकसची अक्कल काढून घेतली असणार.

किक्नस नावाचे सगळे हंसच कसे होतात?

कारण नावाचा अर्थच हंस. एकाला हर्क्युलिसने मारलं (एरीझचा मुलगा, डेल्फीच्या यात्रेकरूंना लुटायचा). एक पोसायडनचा मुलगा, शस्त्र लागतच नव्हतं, अकिलीसने शिरस्त्राणाच्या पट्ट्याने गळा आवळला. एक लिग्युरियाचा, मित्र फेथॉन मेल्याच्या दुःखात हंस झाला. एक लाडावलेला पोरगा, हवा तो बैल मिळाला नाही म्हणून कड्यावरून उडी मारली. रोमन कवी ओव्हिडने एकट्याच्या काव्यात वेगवेगळ्या ठिकाणी तीन किक्नसना हंस केलंय आणि कुठेही "मागच्यासारखाच" असं म्हटलेलं नाही.

सिला म्हणजे ती सहा तोंडांची राक्षसीण ना? मग बापाचे केस कापणारी कोण?

दुसरी सिला. मेगाराच्या निससची मुलगी. निससच्या डोक्यावर एक जांभळी बट होती, ती आहे तोवर गाव अजिंक्य. वेढा घालणाऱ्या मायनॉसवर हिचा जीव जडला, हिने रात्री बट कापली, आणि मायनॉसने गाव घेतलं पण हिला झिडकारलं. राक्षसीण सिला समुद्रातली, ओडिसियसचे सहा माणसं उचलणारी, हिचा त्या प्रकरणाशी संबंध नाही.

गोंधळ वाटला तर वाईट वाटून घेऊ नका, खुद्द रोमन कवी व्हर्जिल एका ठिकाणी निससच्या मुलीलाच कंबरेला भुंकणारी कुत्री लावून मोकळा होतो. ओव्हिड एकीकडे दोघींच्या वेगवेगळ्या कथा नीट सांगतो आणि दुसरीकडे स्वतःच एक करतो.

आता पुढची गंमत. अशीच केस कापणारी आणखी एक मुलगी आहे, टाफोसच्या टेरेलॉसची कोमिथो, तिथे बट सोन्याची आणि शत्रू अँफिट्रायॉन, बाकी स्टोरी तीच. आणि या कोमिथोच्या नावाची दुसरी कोमिथो पॅट्रासजवळ आहे, आर्टेमिसची पुजारीण, तिचा प्रियकर मेलानिपस, आईवडिलांनी लग्नाला नाही म्हटलं म्हणून दोघे देवळातच भेटायला लागले, देवी कोपली, दुष्काळ आणि रोगराई आली, दोघांचा बळी दिला गेला आणि दरवर्षी एक मुलगा एक मुलगी द्यायची प्रथा पडली. ही प्रथा कुणा युरिपिलसच्या येण्याने थांबली. कुठला युरिपिलस? प्रवासवर्णन लिहिणाऱ्या पॉसेनियसने तिथेच थांबून चर्चा केलीय की काही लोक डेक्सामेनसचा मुलगा म्हणतात, पण गावातले लोक बळी देतात तो युएमॉनच्या मुलाला, म्हणून तोच.

एकाच नावामुळे खऱ्या इतिहासात काही घडलं का?

नावामुळे असं नाही, पण छोट्या पात्रामुळे नक्की घडलं, आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

मेलानिपस हे नावही ढिगाने आहे, इलियडमध्येच किती मरतात. त्यातला थीब्जचा मेलानिपस म्हणजे ज्याने टायडियसला पोटात मरणाची जखम केली. टायडियस अथीनाचा लाडका, ती त्याला अमर करायला औषध घेऊन येत होती, तेवढ्यात कुणीतरी मेलानिपसचं कापलेलं डोकं टायडियसच्या हातात दिलं आणि त्याने ते फोडून मेंदू खाल्ला. अथीनाला किळस आली, ती औषधासकट परत गेली.

आता इ.स.पू. ६व्या शतकात या. सिक्यॉनचा हुकूमशहा क्लाइस्थेनीस, याचं आर्गोसशी वाकडं. सिक्यॉनच्या भर चौकात आर्गोसच्या अड्रास्टसचं स्थान, लोक त्याची पूजा करतात, उत्सव करतात. हे याला खुपायचं. त्याने डेल्फीच्या देववाणीला विचारलं, अड्रास्टसला हाकलू का? उत्तर आलं की अड्रास्टस सिक्यॉनचा राजा होता आणि तू नुसता दगड मारणारा आहेस. मग गड्याने डोकं चालवलं. थीब्जहून मेलानिपसला आणलं, म्हणजे त्याची पूजा आणली, त्याला सरकारी इमारतीत जागा दिली आणि अड्रास्टसचे उत्सव नि बळी त्याच्याकडे वळवले. मेलानिपसच का? तर त्याने अड्रास्टसचा भाऊ आणि जावई (म्हणजे टायडियस) दोघांना मारलं होतं. शत्रू शेजारी आणून बसवला की अड्रास्टस आपणहून निघून जाईल, असा हिशेब. इतिहासकार हेरोडोटसने हे सगळं लिहून ठेवलंय.

आणि या क्लाइस्थेनीसच्या मुलीचा मुलगा कोण? अथेन्सच्या लोकशाहीचा पाया घालणारा क्लाइस्थेनीस. आजोबांचं नाव, बाकी काही नाही.

युरिडिसी ऑर्फियसची बायको ना? मग क्रेऑनची कशी?

वेगळी. नेस्टरचीही बायको युरिडिसी, डनाईची आईही युरिडिसी, नेमियाच्या राजाची राणीही युरिडिसी. राजघराण्यातल्या बाईला शोभेलसं नाव आहे, बस. आणि ऑर्फियसच्या बायकोचं नाव जुन्या एका कवितेत ऍग्रिओपी असं आहे, तिला युरिडिसी हे नाव पक्कं झालं ते उशिरा.

क्रेऑन दोन का आहेत?

क्रेऑन म्हणजे "राज्य करणारा" आणि क्रेउसा हे त्याचंच स्त्रीरूप. कथेत राजा हवाय आणि नाव माहीत नाही, ठेवा क्रेऑन. थीब्जचा क्रेऑन अँटिगनीला गाडणारा, कॉरिंथचा क्रेऑन मीडिया नावाच्या जादूगारणीमुळे जळून मेलेला. त्या कॉरिंथच्या राजकन्येला कुणी ग्लॉसी म्हणतं कुणी क्रेउसा. ईनियसची हरवलेली बायकोही क्रेउसा, आणि अथेन्सच्या आयॉनची आईही.

दोन माणसं आहेत की एकच माणूस दोनदा, हे कसं ठरवायचं?

पुष्कळदा ठरत नाही. अटलांटा घ्या. आर्केडियाची अटलांटा आयॅससची मुलगी, रानडुकराच्या शिकारीतली. बिओशियाची अटलांटा स्किनियसची मुलगी, पळण्याच्या शर्यतीतली. एक की दोन? जुने लोकही भांडले. मला एकच वाटते, दोन गावांनी आपापली म्हणून घेतलेली.

सर्पेडॉनचा तिढा उलटा. युरोपाचा मुलगा, मायनॉसचा भाऊ, तो सर्पेडॉन ट्रॉयच्या युद्धाच्या कितीतरी आधीचा, मग ट्रॉयमध्ये पॅट्रोक्लसने मारला तो कोण? पुराणकथा गोळा करणारा अपोलोडोरस सांगतो की झ्यूसने त्याला तीन पिढ्या जगायचं वरदान दिलं होतं. इतिहासकार डायोडोरस म्हणतो छे, तो नातू, त्याच नावाचा. डायोडोरसचा तोडगा जास्त माणसातला वाटतो.

अथेन्सच्या राजांच्या यादीत तर केक्रॉप्स दोन आणि पॅन्डियनही दोन. अभ्यासकांचं म्हणणं असं की राजे कमी आणि भरायची वर्षं जास्त, म्हणून तीच नावं पुन्हा बसवली.

अपोलोडोरसच्या पन्नास-पन्नास नावांच्या लिस्ट कुणी लक्षात ठेवतं का?

नाही. पण एकदा नजर टाका. डॅनॉसच्या ५० मुली आणि इजिप्टसचे ५० मुलगे, त्यांची जोड्यांची यादी. बहिणींतच हिप्पोडेमिया दोन आणि क्लिओपात्राही दोन! बाकीच्यांची लग्नं चिठ्ठ्या टाकून ठरली, पण काही जोड्या चिठ्ठीशिवाय लागल्या कारण नावं जुळत होती, स्थेनेलसला स्थेनेली, क्लायटसला क्लायटी, क्रिसिपसला क्रिसिपी. पत्रिका बघायची कटकटच नाही. अर्थात त्याच रात्री मुलींनी नवऱ्यांचे गळे कापले, एक सोडून सगळ्यांनी.

पिनेलपीच्या मागे लागलेल्यांचंही तसंच. ओडिसीत बेरीज १०८ येते. अपोलोडोरसकडे ५७, २३, ४४ आणि १२ म्हणजे १३६. वरची माणसं कुठून आली विचारू नका.

मिनोटॉरला स्वतःचं नाव होतं का?

होतं, अस्टेरियस. मायनॉसला वाढवणाऱ्या क्रीटच्या राजाचंही तेच. म्हणजे त्या राक्षसाला घरातल्या आजोबांचंच नाव ठेवलं होतं. बिचारा.

इफिस मुलगा की मुलगी?

दोन्ही. क्रीटची इफिस मुलगी म्हणून जन्मली, मुलगा म्हणून वाढवली आणि लग्नाच्या आदल्या दिवशी देवीने खरोखर मुलगा केली. सायप्रसचा इफिस मुलगा, अनॅक्झारिटीच्या दारात फास घेतलेला. पॅट्रोक्लसची दासी इफिस. आणि चितेत उडी घेणाऱ्या इव्हॅडनीचा बाप इफिस.

देवनागरीत लिहिल्यामुळे वाढलेला गोंधळ कोणता?

हायलस आणि हायलस. एक हर्क्युलिसचा लाडका सोबती, पाणी भरायला गेला आणि अप्सरांनी आत ओढला. दुसरा हर्क्युलिसचा मुलगा. मूळ स्पेलिंग वेगळं आहे, मराठीत फरक उरत नाही, म्हणून दुसऱ्याला हिल्लस लिहा. तसंच झ्यूसचा बाप क्रोनस आणि काळाचा देव क्रोनॉस, यांना तर ग्रीकांनीही एक करून टाकलं होतं. फिनियस मात्र खरोखर दोन: हार्पी नावाच्या पक्षीराक्षसिणींनी छळलेला आंधळा, आणि अँड्रोमिडाच्या लग्नात राडा करून दगड झालेला काका.

ग्रीकांना स्वतःला याचा त्रास होत नव्हता का?

व्हायचा, म्हणून तर इ.स.पू. पहिल्या शतकात मॅग्नेशियाच्या डिमिट्रियसने एकाच नावाच्या कवी-लेखकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. ते हरवलं, पण तत्त्ववेत्त्यांची चरित्रं लिहिणारा डायोजेनिस लेर्शियस त्यातून उचलतो, थेलीसचं चरित्र संपवताना सांगतो की या नावाचे आणखी पाच होते.

देवांचंही सुटलं नाही. रोमन लेखक सिसेरोने इ.स.पू. ४५ मध्ये देवांच्या स्वरूपावर लिहिताना एका पात्राच्या तोंडी मोजदाद घातलीय, ज्युपिटर तीन, मिनर्व्हा पाच, हर्क्युलिस सहा. त्यातला पाचवा हर्क्युलिस भारतातला म्हणे, नाव बेलस. हेतू अर्थात टिंगलीचा, एवढे असतील तर पूजा कुणाची करायची.

आपल्याकडेही हे आहेच की?

आहेच. अश्वत्थामा नावाचा हत्ती नसता तर "नरो वा कुंजरो वा" झालंच नसतं. आणि शंतनूचा मुलगा चित्रांगद, त्याला मारणारा गंधर्वही चित्रांगदच, काही प्रतींत तर भांडण नावावरूनच लागतं.

ही सगळी नावं आता आकाशातही आहेत ना?

हो, आणि तिथेही तोच घोळ. आयो हा गुरूचा चंद्र, पण ८५ आयो हा १८६५ मध्ये सापडलेला लघुग्रह. युरोपा चंद्र, आणि ५२ युरोपा लघुग्रह. गॅनिमीड चंद्र, तर १०३६ गॅनिमेड १९२४ चा, इथे निदान शेवटचं अक्षर कापलंय.

गुरूच्या कक्षेत पुढे-मागे चालणाऱ्या लघुग्रहांना ट्रॉयच्या युद्धातली नावं देतात, सुरुवात १९०६ मध्ये ५८८ अकिलीसपासून झाली. नंतर ठरलं की पुढच्या गटात फक्त ग्रीक आणि मागच्या गटात फक्त ट्रॉयवाले ठेवायचे. पण हा नियम व्हायच्या आधीच दोन नावं देऊन झाली होती, त्यामुळे ६२४ हेक्टर आजही ग्रीकांच्या छावणीत आहे आणि ६१७ पॅट्रोक्लस ट्रॉयच्या.